भारनियमनापासून महापुरापर्यंत : कोल्हापूर परिसरातील घरगुती जनित्राचा इतिहास, कार्यपद्धती आणि देखभाल

गोषवारा

विजेच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने धरणे, वीजगृहे, पारेषण वाहिन्या आणि शासकीय धोरणे यांच्या अंगाने झाले आहे. वीज नसतानाच्या काळात सामान्य कुटुंबाने कोणती व्यवस्था केली, याकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत निबंधात घरगुती जनित्राकडे, म्हणजे रूढ भाषेतील ‘जनरेटर’कडे, इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले आहे. दक्षिण महाराष्ट्रातील ऑइल इंजिनाची परंपरा, २००५ नंतरचे तीव्र भारनियमन आणि २०१९ व २०२१ चे महापूर या तीन टप्प्यांत ही मांडणी केली असून यंत्राची कार्यपद्धती व देखभाल यांचा विचार त्याच ओघात केला आहे.

बीजसंज्ञा : जनित्र, ऑइल इंजिन, भारनियमन, उद्यमनगर, महापूर, देखभाल.

१. प्रस्तावना

मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरले, अथवा वेटोळ्याभोवती चुंबक फिरला, की वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे ते तत्त्व होय. कोयनेच्या भूगर्भातील प्रचंड जनित्रे आणि एखाद्या बंगल्याच्या मागील अंगणातील लहान जनित्र ही दोन्ही याच तत्त्वावर चालतात. फरक फिरविणाऱ्या शक्तीचा व आकाराचा आहे. एका ठिकाणी कोसळणारे पाणी चक्र फिरविते, तर दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल वा डिझेल जाळून चालणारे इंजिन.

तत्त्व एकच असले तरी सामाजिक अर्थ मात्र भिन्न आहेत. वीजगृह हे सार्वजनिक व्यवस्थेचे प्रतीक आहे. घरगुती जनित्र त्या व्यवस्थेच्या अपुरेपणावर कुटुंबाने स्वखर्चाने काढलेला तोडगा आहे. म्हणून कोणत्या काळात, कोणाच्या घरी आणि कशासाठी जनित्र आले, याचा शोध हा एका अर्थाने सार्वजनिक सेवेच्या विश्वासार्हतेचाच शोध ठरतो. कोल्हापूर जिल्हा या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. इंजिन बनविणारे, ते दुरुस्त करणारे आणि त्यावाचून अडणारे असे तिन्ही वर्ग येथे एकाच परिसरात नांदत आले आहेत.

२. पूर्वपीठिका : ऑइल इंजिनाचे आगमन

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वीरीत्या चालले. पुढील काही दशकांत या प्रकारची इंजिने भारतात आयात होऊ लागली. दक्षिण महाराष्ट्रात त्यांना पोषक अशी भूमी आधीच तयार होत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची उभारणी केली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला आणि देशातील आरंभीची डिझेल इंजिने बनविणाऱ्या कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही कंपनीही पुण्यातच उभी राहिली. अशा रीतीने सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुणे हा पट्टा इंजिनविद्येचा पट्टा म्हणून आकारास आला.

कोल्हापुरात या विद्येस संस्थानकालीन आश्रयाची पार्श्वभूमी होती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. यंत्र उघडून पाहावे, त्याचे भाग समजून घ्यावेत आणि येथील लोहारसुतारांच्या हातून तसेच यंत्र घडवावे, ही वृत्ती त्या काळच्या कोल्हापुरात अनेक क्षेत्रांत दिसते. बाबुराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडविला, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. यंत्रोद्योगाच्या आरंभकाळाशी म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे आदराने जोडली जातात. पुढे शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, कातकाम आणि इंजिनाचे सुटे भाग यांचे लहान लहान कारखाने दाटीने उभे राहिले आणि तेथून हा व्यवसाय शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींपर्यंत विस्तारला.

या इंजिनांचा पहिला ग्राहक घर नव्हते, तर शेत होते. पंचगंगा, भोगावती, कुंभी, वारणा या नद्यांवरील बंधाऱ्यांत साठलेले पाणी उपसून उसाला देण्यासाठी इंजिन लागे. गुऱ्हाळावरील चरक इंजिनावर फिरे. पिठाच्या गिरणीच्या धुरांड्यातून येणारा ठरावीक लयीचा आवाज ही अनेक गावांची ओळख होती. गावोगावच्या तंबूतील चित्रपटगृहांना तर इंजिन व डायनामो यांच्यावाचून पडद्यावर प्रकाशच पाडता येत नसे. ग्रामीण भागातील पुष्कळ लोकांनी विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला तो अशा तंबूत अथवा एखाद्या लग्नाच्या मांडवात. म्हणजेच खेड्यापाड्यांत वीजमंडळाच्या तारा पोहोचण्यापूर्वी जनित्र पोहोचले होते, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

३. सार्वजनिक विजेचा विस्तार आणि तिच्या मर्यादा

टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्याचा लाभ मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांना होता. संस्थानी मुलखात विजेचा प्रसार मंदगतीने झाला. राजर्षी शाहूंच्या दूरदृष्टीतून आरंभलेले राधानगरी धरण विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्णत्वास गेले आणि त्याच्या पायथ्याशी वीजगृहही उभे राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली. पाठोपाठ २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयना प्रकल्पाने राज्याच्या औद्योगिकीकरणास बळ दिले. मात्र ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा एकाच स्रोतावरील अवलंबित्व किती महागात पडू शकते हेही स्पष्ट झाले.

१९६० ते १९९० या काळात खेड्यापाड्यांत वीज पोहोचली आणि शेतावरील इंजिनाची जागा हळूहळू विजेच्या मोटारीने घेतली. अनेक घरांच्या पडवीत जुने इंजिन गोणपाटाखाली झाकून ठेवले गेले. इंजिनाचा काळ संपला, असे वाटावे अशी ती परिस्थिती होती. परंतु विजेची मागणी जशी वाढली, तसा पुरवठ्यातील तुटवडाही वाढला. याच काळात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा यांची हाताने उचलून नेता येतील अशी लहान जनित्रे शहरांतील दुकानांपुढे दिसू लागली. पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालणारे नमुनेही त्यांत होते. सराफी दुकान, दवाखाना, छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि छापखाना हे त्यांचे आरंभीचे ग्राहक. तेथून जनित्र सुस्थित कुटुंबांच्या गच्चीवर आणि अंगणात आले.

४. भारनियमनाचे दशक

दाभोळ वीज प्रकल्पातील निर्मिती २००१ मध्ये बंद पडली. नव्या निर्मितीक्षमतेची भर मागणीच्या मानाने अपुरी होती. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. त्याच सुमारास मागणी व उपलब्धता यांतील तफावत चार हजार मेगावॅटच्याही पुढे गेली. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणे ही नित्याची गोष्ट झाली. ‘भारनियमन’ हा तांत्रिक शब्द या काळात घरोघरी रूढ झाला. परीक्षेचे वेळापत्रक, दळणाची वेळ, पाण्याची पाळी आणि लग्नाचा मुहूर्त या सर्वांची सांगड भारनियमनाच्या तक्त्याशी घालावी लागली.

या टंचाईची झळ सर्वांना सारखी पोहोचली नाही. वीजहानी व वसुली यांच्या आधारे विभागांची वर्गवारी करून भारनियमनाचे तास ठरविले जात. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन वस्त्यांच्या वाट्याला वेगवेगळा अंधार येई. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून शहरासाठी वीज मोकळी करावी आणि त्यापोटी ग्राहकांनी अतिरिक्त आकार द्यावा, असा प्रयोग झाला. २००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मिती परवानामुक्त केली होती आणि स्वतःच्या वापरासाठी निर्मितीचा मार्ग सुकर केला होता. पुण्याच्या प्रयोगाने खाजगी जनित्र सार्वजनिक व्यवस्थेच्या मदतीस आणले. अन्यत्र मात्र जनित्र हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोपविले गेले.

कोल्हापुरात या काळात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर बंगल्यांचा व बहुमजली गृहसंकुलांचा. येथे उद्वाहन, पाण्याचा पंप आणि जिन्यावरील दिवे यांसाठी सामाईक डिझेल जनित्र बसविले गेले. दुसरा थर मध्यमवर्गीय घरांचा. त्यांनी इन्व्हर्टर व बॅटरी यांची जोडी घेतली. तिसरा थर मेणबत्ती, कंदील व चिमणी यांवर भागविणाऱ्यांचा. भारनियमनाच्या इतिहासात या तिसऱ्या थराची नोंद सर्वांत कमी झालेली आहे. जनित्राच्या आवाजाने शेजाऱ्याची झोप मोडे आणि त्याच शेजाऱ्याच्या घरात अंधार असे. हा अनुभव विजेच्या विषमतेची कल्पना कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक थेटपणे देतो.

२०१२ च्या अखेरीस राज्याचा मोठा भाग भारनियमनातून मुक्त झाला. जनित्राचा वापर घटला, पण यंत्रे तशीच राहिली. न वापरलेले यंत्र हे वापरलेल्या यंत्रापेक्षा लवकर बिघडते, याची प्रचिती पुढील दशकात आली.

५. जनित्राची कार्यपद्धती

जनित्र संचाचे दोन मुख्य भाग असतात : इंजिन आणि प्रत्यावर्तक. इंजिन इंधनातील रासायनिक ऊर्जेचे यांत्रिक गतीत रूपांतर करते व प्रत्यावर्तक त्या गतीचे विजेत. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे केवळ हवाच साधारणतः सोळा ते अठरा पट दाबली जाते. दाबामुळे ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणूनच डिझेल इंजिनात दाब टिकणे महत्त्वाचे असते. दट्ट्याच्या कड्या झिजल्या अथवा झडपा नीट बसेनाशा झाल्या की इंजिन थंडीत सुरू होत नाही, ते याच कारणाने.

भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. चार ध्रुवांचा प्रत्यावर्तक मिनिटाला १,५०० फेरे फिरला की ५० हर्ट्झ मिळतात. दोन ध्रुवांचा असल्यास ३,००० फेरे लागतात. हातात उचलून नेण्याजोगी लहान पेट्रोल जनित्रे बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात, म्हणून ती अधिक आवाज करतात व लवकर झिजतात. जुनी मंदगती इंजिने मिनिटाला सुमारे ६५० फेरे फिरत. त्यांच्या जड चक्रावरून पट्टा टाकून प्रत्यावर्तकाची लहान कप्पी सव्वादोन पटींहून किंचित अधिक वेगाने फिरविली जाई. पट्टा सैल झाला की दिवे मंद होत. तो ताणावा किती, हे मेस्त्री हाताने दाबून ठरवी.

भार वाढला की इंजिनाचा वेग कमी होऊ पाहतो. त्याच क्षणी गव्हर्नर इंधनाचा पुरवठा वाढवून वेग पूर्ववत करतो. विजेचा दाब स्थिर ठेवण्याचे काम स्वयंचलित दाबनियामक करतो. दिव्यांची लुकलुक, पंख्याचा बदलता वेग आणि दूरचित्रवाणीवरील अडथळे ही बहुधा या दोहोंपैकी एकाच्या बिघाडाची लक्षणे असतात.

क्षमता ठरविताना अनेक कुटुंबांची फसगत होते. दहा एलईडी दिवे, चार पंखे, शीतकपाट आणि दूरचित्रवाणी यांचा एकत्रित भार सुमारे ६५० ते ७०० वॅट भरतो. त्यात एक अश्वशक्तीचा पंप मिळविल्यास भार सुमारे १,७०० वॅट होतो. ०.८ या शक्तिगुणकाने हिशेब केला तर सव्वादोन केव्हीएचे जनित्र पुरेल असे वाटते. परंतु मोटार सुरू होताना आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. त्या क्षणी लहान जनित्र दबते व बंद पडते. म्हणून पंप चालवावयाचा असल्यास पाच केव्हीएचा विचार करावा लागतो. पंप वगळल्यास एक ते दीड केव्हीए पुरेसे होते. आधी गरज ठरवावी आणि मग यंत्र, हा क्रम उलटा झाला की पैसा व इंधन दोन्ही वाया जातात.

खर्चाचा विचारही आवश्यक आहे. लहान पेट्रोल जनित्र एका लिटरमधून साधारण दीड ते दोन युनिट वीज देते. पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या आसपास धरला तर युनिटमागे पन्नास ते सत्तर रुपये पडतात. डिझेल संच लिटरमागे सुमारे तीन युनिट देतो. यावरून जनित्र हे नित्याच्या वापराचे साधन नसून अडचणीच्या वेळेचे साधन आहे, हे उघड होते.

६. देखभाल : यंत्राची आणि ज्ञानाची

उद्यमनगरातील जुन्या कारागिरांची देखभालीची रीत पुस्तकी नव्हती, पण तिच्यामागे निश्चित शास्त्र होते. वंगण तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून त्याची चिकटी पाहणे, धुराच्या रंगावरून दोष ओळखणे, आवाजावरून झडपेतील अंतर समजणे या गोष्टी अनुभवाने साधत. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. बहुधा हवेची गाळणी तुंबलेली असते. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे, अर्थात कड्या झिजल्या आहेत. पांढरा धूर दीर्घकाळ राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा त्यात पाणी आहे. हे ज्ञान आजही तितकेच उपयोगी आहे.

देखभालीचे मुख्य मुद्दे असे मांडता येतात. वंगण तेल हा पहिला मुद्दा. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलावे व पुढे उत्पादकाने दिलेल्या तासांनुसार बदलावे. यंत्र फारसे चालले नसले तरी वर्षातून एकदा तेल बदलणे हितावह असते, कारण पडून राहिलेल्या तेलात ओल व आम्ल साठते. दुसरा मुद्दा इंधनाचा. टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची छिद्रे बुजविते. डिझेलच्या टाकीत पावसाळी हवेतील बाष्प साचून तळाशी पाणी जमते. म्हणून पेट्रोल जनित्र दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास टाकी रिकामी करावी, आणि डिझेल संचाच्या तळातील निचरा वेळोवेळी सोडावा.

तिसरा मुद्दा बॅटरीचा. ऐनवेळी जनित्र सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण इंजिन नसून उतरलेली बॅटरी असते. ध्रुवांवरील पांढरा क्षार साफ करणे आणि बॅटरीतील पाण्याची पातळी पाहणे हे काम कोणीही करू शकतो. चौथा मुद्दा नियमित चालविण्याचा. पंधरवड्यातून एकदा जनित्र पंधरा-वीस मिनिटे चालवावे आणि तेही भार देऊन. डिझेल इंजिन सातत्याने क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर चालले तर इंधन अर्धवट जळून काजळी व ओलसर तेल धुराड्यात साठते. पुष्कळ गृहसंकुलांत उद्वाहन बंद ठेवून केवळ ‘चालू होते की नाही’ एवढेच पाहिले जाते. अशी चाचणी यंत्रास अपायकारक ठरते.

सुरक्षिततेचे दोन नियम मात्र तडजोडीपलीकडचे आहेत. पहिला, जनित्र कधीही बंद खोलीत, तळघरात वा खिडकीलगत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो. झोपेतील माणसास त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरा, जनित्राची वीज घराच्या तारांत देताना चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. तो नसल्यास वीज उलट दिशेने रोहित्रात जाते, तेथे तिचा दाब वाढतो आणि बंद समजलेल्या वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतते. दोन टोकांना पिन असलेली तार भिंतीतील खटक्यात खुपसण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ती केवळ नियमबाह्य नाही. खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्या तारेच्या टोकाशी बांधलेला असतो.

नियमनाच्या अंगानेही काही बदल घडले. केंद्र शासनाने २००२ मध्ये डिझेल जनित्रांच्या आवाजासाठी मानके अधिसूचित केली. एक हजार केव्हीएपर्यंतच्या नव्या संचांसाठी एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल ही मर्यादा ठरली आणि ध्वनिरोधक पेटीतील जनित्रे रूढ झाली. धुरासंबंधीचे नियम २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२३ पासून अधिक कडक झाले. धुराडे इमारतीपेक्षा किती उंच असावे यासाठीही सूत्र आहे : केव्हीए क्षमतेच्या वर्गमुळाची ०.२ पट इतकी मीटर उंची. म्हणजे २५ केव्हीएच्या संचाचे धुराडे इमारतीच्या माथ्यापेक्षा एक मीटर वर हवे.

७. महापूर आणि जनित्राची कसोटी

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळी पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीनजीक बंद झाला. उपकेंद्रे व रोहित्रे पाण्यात गेल्याने अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित करावा लागला. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने शहरात चोहीकडे पाणी असूनही नळास पाणी नव्हते.

या प्रसंगी जनित्राचा अर्थ बदलला. भारनियमनाच्या काळात ते सोयीचे साधन होते. महापुरात ते जगण्याचे साधन झाले. दूरध्वनीचे मनोरे बॅटरी व डिझेल यांच्या आधारावरच चालतात, आणि रस्ते बंद झाल्यावर डिझेल पोहोचविणे हेच मोठे आव्हान ठरते. २०२१ चा पूर तर कोविडच्या छायेत आला. घरी प्राणवायू घेणाऱ्या रुग्णाचे मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे यंत्र सुमारे ३०० ते ३५० वॅट वीज घेते. एवढा भार एक केव्हीएचे जनित्र सहज उचलते, पण साधा इन्व्हर्टर तो काही तासच पेलतो. ज्या घरी असा रुग्ण आहे तेथे जनित्र चालू स्थितीत असणे वा नसणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

पुराने आणखी एक रचनादोष उघड केला. जागेच्या टंचाईमुळे तळमजल्यावरील वाहनतळात अथवा तळघरात बसविलेले जनित्र पूर आल्यावर सर्वांत आधी बुडते. ज्या संकटासाठी ते घेतले त्याच संकटात ते निकामी होते. पूररेषेच्या वर चौथरा बांधून त्यावर जनित्र बसविणे हा यावरील साधा उपाय होय.

पूर ओसरल्यावर बुडालेले जनित्र सुरू करून पाहण्याची घाई घातक ठरते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर येताच जोडदांडा वाकतो. प्रथम वंगण, इंधन व गाळण्या पूर्णपणे काढून टाकाव्यात, प्लग किंवा नोझल सोडून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे. प्रत्यावर्तकाची वेटोळी स्वच्छ पाण्याने धुऊन मंद उष्णतेवर वाळवावीत आणि मेगरने विद्युतरोध तपासल्यावरच यंत्र चालवावे. उद्यमनगराच्या पेठेत पिढ्यान्पिढ्या मुरलेले कौशल्य नेमके अशा वेळी उपयोगी पडते.

८. सद्यःस्थिती

आज कागल येथील कारखान्यात किर्लोस्करांची इंजिने व जनित्रे तयार होतात. ज्या मुलखात एकेकाळी परदेशी इंजिन उघडून त्याची नक्कल केली जाई, तेथूनच आता जनित्रे अन्यत्र जातात. दुसरीकडे घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्याकडे कल वाढला आहे आणि २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र योजना जाहीर केली. यातून जनित्र कालबाह्य होईल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु वाहिनीशी जोडलेली बॅटरीविरहित सौर यंत्रणा वीज जाताच स्वतःही बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तिची रचनाच तशी केलेली असते. शिवाय महापूर येतो तो आषाढ-श्रावणात, म्हणजे आभाळ सलग झाकोळलेले असताना. म्हणून सौरऊर्जा, बॅटरी आणि सुस्थितीतील लहान जनित्र यांचा मेळ हाच काही काळ तरी व्यवहार्य पर्याय दिसतो.

खरी चिंता ज्ञानाच्या हस्तांतराची आहे. नव्या जनित्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले आहेत. बिघाड झाला की भाग बदलला जातो. तो का बिघडला हे क्वचितच विचारले जाते. आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या कारागिरांची पिढी उतरणीला लागली आहे आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, दक्षिण महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत जनित्र हे वाहिनीवरील विजेच्या आधीचे साधन आहे. विजेचा इतिहास केवळ वीजगृहांपासून सुरू केल्यास तो अपुरा राहतो. दोन, २००५ नंतरच्या भारनियमनाने सार्वजनिक उणिवेचा भार कुटुंबांवर टाकला आणि तो ऐपतीनुसार विषम वाटला गेला. तीन, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी जनित्राच्या मालकीपेक्षा त्याची जागा व देखभाल अधिक महत्त्वाची असल्याचे दाखवून दिले. चार, देखभालीचे परंपरागत ज्ञान हा या परिसराचा सांस्कृतिक ठेवा असून तो नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी उद्यमनगरातील वयोवृद्ध कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. भौतिकशास्त्र विभागांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पूरग्रस्त गावांतील तरुणांना जनित्राच्या देखभालीचे अल्पकालीन शिक्षण द्यावे. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी प्रभागनिहाय चालू जनित्रांची व घरी प्राणवायूवर असणाऱ्या रुग्णांची यादी पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावी. या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही. पुढचा महापूर केव्हा येईल हे सांगता येत नसले, तरी त्या रात्री कोणत्या घरात कोणते यंत्र चालू राहिले पाहिजे, हे आधी ठरविता येते.